ग्वाल्हेरच्या उन्हात कापडी टप

गाडी घ्यायला निघालेला माणूस हल्ली मायलेजच्याही आधी सनरूफ आहे का ते विचारतो. त्यासाठी एक पायरी वरचं मॉडेल घ्यायचीही त्याची तयारी असते. मग उन्हाळाभर ती काच तापते म्हणून तो तिच्याखालचा पडदा ओढून ठेवतो आणि हिवाळ्यात पोरं त्या भोकातून धड बाहेर काढून उभी राहतात, हे किती धोक्याचं आहे याचा विचार न करता. याच माणसासमोर कापडी टपाच्या गाडीचा, म्हणजे सॉफ्ट-टॉप कन्व्हर्टिबलचा विषय काढला तर तो हसेल. आपल्या उन्हात? आपल्या धुळीत? ते युरोपात ठीक. ग्वाल्हेरमध्ये तर हे हसू जास्तच मोकळं असतं, कारण तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर लू वाहते. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण त्यात ऊन आणि धूळ या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. गाठ सोडली की उन्हाचा मुद्दा फारसा टिकत नाही. धुळीचा टिकतो, आणि चांगलाच टिकतो.

उन्हाच्या मुद्द्याला पहिलं उत्तर ग्वाल्हेरच्याच इतिहासात आहे. १९०८ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी घेतली. सुमारे ६२० मैलांचा प्रवास आणि वाटेत सहा अवघड घाट. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाच्या रोल्स-रॉइसने नाव काढलं, आणि ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. हिंदुस्थानात आलेल्या अगदी सुरुवातीच्या रोल्स-रॉइसपैकी ही एक. तेव्हा गादीवर माधवराव शिंदे होते, यंत्रांचं विलक्षण वेड असलेला राजा. जयविलास महालात जेवणाच्या मेजावरून रुळांवर फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही लोक रांग लावून बघतात, आणि दोन फुटी रुळांवरची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली तीही त्यांच्याच काळात. सह्याद्रीचे घाट पार केलेली मोटार बुंदेलखंडाच्या उंबरठ्यावरच्या मराठी संस्थानात यावी, यात एक गंमत आहे. पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. त्या काळी मोटार म्हणजे बहुतेक उघडीच मोटार असायची. वर बग्गीसारखा हूड, लाकडी किंवा लोखंडी कमानींवर ताणलेलं कातडं नाहीतर मेणकापड, आणि एसी वगैरे तर स्वप्नातही नव्हता. तरी या गाड्या ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, कोल्हापूर अशा संस्थानांत वर्षानुवर्षं फिरल्या. आपल्या उन्हात उघडी गाडी चालत नाही, हे म्हणणं त्या गाड्यांच्या पिढीने आधीच खोडून ठेवलं आहे.

यावर कोणी म्हणेल की त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. बरोबर आहे. बंद गाडी बनवणं तेव्हा महाग आणि किचकट काम होतं. अमेरिकेत १९१९ साली दहातली जेमतेम एक गाडी बंद छताची होती; १९२७ पर्यंत हे प्रमाण उलटून पाचातल्या चारांच्याही पुढे गेलं. आणि बंद गाड्यांचं छतही आपण समजतो तसं अखंड पत्र्याचं नव्हतं. एवढा मोठा पत्रा एका दाबात घडवण्याची यंत्रं नव्हती, म्हणून छताचा मधला भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचाच असे. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून संपूर्ण पोलादी छत आणलं तेव्हा कुठे हे बदललं. म्हणजे ज्याला आपण गाडीचं स्वाभाविक छत म्हणतो ते कापडापेक्षा वयाने बरंच लहान आहे.

पुढे मात्र पत्र्याच्या छताने एक नवं काम अंगावर घेतलं. जुन्या गाडीची सगळी ताकद खालच्या सांगाड्यात, म्हणजे चासीत असे. वरचा भाग काढला काय, ठेवला काय, फरक पडत नसे. आजच्या बहुतेक गाड्यांत वेगळी चासीच नसते. तळ, खांब आणि छत मिळून एक बंद पेटी होते आणि तीच सगळा भार पेलते. या पेटीचं झाकण कापलं की ती पिळवटू लागते. म्हणून कन्व्हर्टिबल बनवताना कंपनी दारांखालच्या पट्ट्या जाड करते, तळाला आडवे टेकू देते, समोरच्या काचेच्या खांबांत जाड पोलाद घालते, आणि इतकं करून गाडी जड होते ती होतेच. वरातीसाठी किंवा पुढाऱ्याच्या मिरवणुकीसाठी गॅरेजमध्ये छत कापून घेतलेल्या गाड्या दोन-चार खड्ड्यांनंतर दारं नीट लावून घेत नाहीत, त्याचं कारण हेच. कायदाही अशा कापाकापीच्या विरोधात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट केलं. उघडी गाडी हवी असेल तर ती कारखान्यातूनच तशी आलेली हवी.

आता प्रत्यक्ष उन्हाकडे येऊ. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगाची उष्णता घेऊन जातो. हवा त्याहून तापलेली असेल तर वारा उलट उष्णता आणून देतो आणि सगळी भिस्त घामावर राहते. म्हणून मे महिन्याच्या दुपारी ग्वाल्हेरच्या रस्त्यावर टप उघडणं हा शुद्ध वेडेपणा आहे, यात वाद नाही. पण टप उघडता येतं याचा अर्थ ते उघडंच ठेवावं लागतं असा होत नाही. लावलेल्या टपाची आधुनिक कन्व्हर्टिबल ही एसी असलेली साधी बंद गाडी असते. तिचं टप बहुधा तीन पदरी असतं: बाहेर घट्ट विणीचं कृत्रिम धाग्याचं कापड, मध्ये पाणी अडवणारा रबराचा थर, आत अस्तर. असं जाड टप उन्हाला बऱ्यापैकी दाद देत नाही. जुन्या जीपवरच्या एकपदरी रेक्झिनच्या हूडची गोष्ट वेगळी. त्याखाली एसीला धाप लागते आणि बसणाऱ्यालाही. दोन्ही टपं कापडीच, म्हणून लोक त्यांना एका माळेत ओवतात आणि जीपचा अनुभव कन्व्हर्टिबलवर लादतात.

तर प्रश्न एवढाच उरतो की वर्षातले किती दिवस टप उघडण्यालायक असतात. मुंबईत उन्हाळाभर घाम आणि मग चार महिने दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस. ग्वाल्हेरला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत, तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. दसरा ते होळी हे पाच महिने तिथलं आकाश बहुतेक कोरडं असतं आणि दुपारचं ऊन सोसवतं, नव्हे, हवंसं वाटतं. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी सोडून द्याव्यात. समोरचं दिसत नसताना मौज कसली? पण त्याच दिवसांत दुपारी बारा ते चार ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली घरंच्या घरं गच्चीवर ऊन खात बसतात, आणि टप उघडलेली गाडी म्हणजे तीच गच्ची, फक्त चाकांवरची. इंग्लंडसारख्या ढगाळ, पावसाळी देशाने एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार यांच्या उघड्या गाड्या जगाला दिल्या. तिथल्या लोकांना उन्हाचे मोजके दिवस मिळतात आणि त्या दिवसांसाठी ते वर्षभर गाडी सांभाळतात. आपल्याला पाच महिने मिळतात, तरी आपण हवामानाचं नाव पुढे करतो.

उघड्या गाडीत वारा समोरून तोंडावर येत असेल, असं न बसलेल्याला वाटतं. तसं होत नाही. समोरच्या काचेवरून उसळलेली हवा डोक्यावरून मागे जाते, तिथे पोकळी मिळाली की वळते आणि दोन सीटांच्या मधून परत पुढे येते. त्यामुळे केस मागून पुढे उडतात आणि गार वाऱ्याचा झोत मानेवर बसतो. यासाठी सीटांच्या मागे बारीक जाळीचा एक पडदा उभा करतात. साधी गोष्ट, पण तिने फरक पडतो तो चालत्या गाडीत बोलता येण्याइतका. बाजूच्या काचा वर, जाळी उभी आणि पायाकडे हीटर सुरू असेल तर जानेवारीतही स्वेटरवर भागतं. वेग मात्र बेताचा हवा. टप उघडं ठेवून ताशी ९०-१०० च्या वेगाने गेलं तर वाऱ्याचा आवाज ८५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, आणि तो तासन्‌तास ऐकणं कानांना चांगलं नाही. खरं तर उघड्या गाडीची गोडी ५०-६० च्या वेगातच आहे. त्या वेगाला शेतातल्या ओल्या मातीचा, गुऱ्हाळाचा, पेटवलेल्या चुलींचा वास कळतो.

वासाचा विषय निघाला की दुसरा आक्षेप समोर येतो, आणि त्याच्यापुढे मान तुकवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जगातल्या शहरांच्या हवेची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा पीएम २.५ या सूक्ष्म कणांच्या बाबतीत इराणमधल्या झाबोलनंतर दुसरं नाव ग्वाल्हेरचं होतं. वर्षाची सरासरी दर घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. यादी जुनी झाली, पण शहरातल्या महाराज बाडा चौकात संध्याकाळी उभं राहणाऱ्याला आकड्यांची गरज नाही. त्यात विपरीत असं की हिवाळ्यात, म्हणजे टप उघडण्याच्या ऐन मोसमात, थंड हवा जमिनीलगत धूर कोंडून धरते. उघड्या गाडीत बसलेल्याचं नाक शेजारच्या टेम्पोच्या धुरांड्यापासून फार लांब नसतं. शहरातल्या गर्दीत टप उघडून फिरणं ही दाखवण्याची हौस असेल, उपभोगण्याची नव्हे, आणि ती फुप्फुसांच्या खर्चाने होते.

याला उत्तर एकच. शहरात टप बंद, बाहेर पडल्यावर उघडं. ग्वाल्हेरचं नशीब असं की बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. तिघऱ्याचा जलाशय जवळ आहे. शिवपुरीच्या रस्त्याला पनिहार मागे पडलं की घाटीगाव, मोहना अशी मोकळी माळरानं आणि झाडोऱ्याचा टापू लागतो. शिंद्यांची उन्हाळी राजधानी असलेलं शिवपुरी सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. दतिया, ओरछा ही दुसरी दिशा. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकच्या मागे लागावं लागलं तर पुन्हा टप लावावं, लाज वाटण्याचं कारण नाही. विजेवर चालणारं टप अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर लागतं. सगळ्यात चांगले दिवस सप्टेंबरच्या शेवटचे: पावसाने धूळ बसलेली असते, डोंगर हिरवे असतात, आणि लोकांच्या मनातून पावसाळा अजून गेलेला नसल्याने रस्ते मोकळे असतात. एवढ्यासाठी वेगळी गाडी? असा प्रश्न येईल. पण ती वेगळी असायला नको, हाच तर कापडी टपाचा फायदा. सोमवार ते शुक्रवार ती बंद छताची रोजची गाडी असते.

कापडी टपाला वय असतं हे मात्र मान्य करून चालावं लागतं. पत्र्याचं छत गाडीइतकं जगतं. टपाचं तसं नाही, आणि ते किती लवकर जाईल हे बरंचसं मालकावर आहे. ऊन हा पहिला शत्रू. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर ती उन्हाने पिवळी पडते, मग धुरकट होते आणि थंडीच्या सकाळी कडक झालेली असताना टप दुमडलं की घडीवर तडकते. म्हणून अशा गाडीचं टप थंडीत आधी थोडा वेळ उन्हात राहू द्यावं आणि दुमडताना काचेच्या घडीत मऊ फडकं घालावं. माझदाने आपल्या एमएक्स-५ ला १९९८ च्या पिढीपासून खरी काच दिली ती याच कटकटीपायी. दुसरा शत्रू ओल. भिजलेलं टप घडी करून ठेवलं की दोन दिवसांत बुरशी धरते आणि तिचा वास गाडीतून जाता जात नाही. आधी वाळू द्यावं, मग दुमडावं. टपावरून ओघळलेलं पाणी कडेच्या पन्हळीतून बारीक नळ्यांवाटे खाली जातं. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांच्या या नळ्या पहिल्या पावसाच्या आतच पाल्याने तुंबतात, आणि पाणी मग सीटमागच्या गालिच्यात उतरतं. पावसाळ्याच्या तोंडावर नळ्यांत लवचिक तार हळूच फिरवून घेतली तर हा सगळा प्रकार टळतो. सर्व्हिस सेंटरमधला जोराच्या फवाऱ्याचा पाइप टपाजवळ येऊ देऊ नये. मऊ ब्रश, साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. राहिली माकडं. ग्वाल्हेरकराला त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. गाडीला छपराची, शक्यतो बंद जागा नसेल तर हा नाद करूच नये. आत मौल्यवान काही ठेवू नये हेही ओघानेच आलं, कारण कापडाला कुलूप नसतं.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा दुमडणारं पत्र्याचं छत काय वाईट, असं विचारलं जातं. मोटार उद्योगाने हा प्रयोग मनापासून करून पाहिला. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर दुमडत्या धातूच्या छताची लाट आली. बीएमडब्ल्यूने झेड-४ ला २००९ मध्ये तसं छत दिलं आणि २०१८ च्या पिढीत परत कापडावर आली. मर्सिडीजच्या एसएल या घराण्यातल्या सर्वांत मानाच्या गाडीनेही दोन पिढ्या धातू वापरून २०२१ मध्ये कापड स्वीकारलं, आणि नुसत्या त्या बदलाने २१ किलो वजन वाचलं. वजन वाचतं तेही वरच्या बाजूचं, त्यामुळे वळणावर गाडी कमी कलते. डिकीत सामानाला जागा उरते. आणि मोटरा, बिजागऱ्या, कळा यांची संख्या कमी झाल्याने बिघडायला जागाही कमी. आपल्याकडे याला आणखी एक अर्थ आहे. फाटलेलं कापड शिवणारा, अस्तर बदलणारा कारागीर लष्करात शोधला तर सापडतो. हायड्रॉलिकच्या कळा दुरुस्त करणारा सापडणं अवघड.

सुरक्षिततेची शंका याहून गंभीर आहे. गाडी उलटली तर? ही भीती एवढी खोल गेली होती की कडक नियम येणार या धास्तीने आणि एसीच्या प्रसाराने अमेरिकी कंपन्यांनी सत्तरच्या दशकात उघड्या गाड्या बंद करत आणल्या, आणि १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून विकली गेली. १९८२ मध्ये क्रायस्लरने लबॅरनला उघडं टप देऊन तो अध्याय पुन्हा सुरू केला. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये गाडी उलटण्याच्या बेतात असली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात डोक्यामागे उभी राहणारी पोलादी कमान आली. आज अशा कमानी आणि काचेचे मजबूत खांब सर्रास असतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने कन्व्हर्टिबल आणि त्याच गाड्यांच्या बंद आवृत्त्या यांची तुलना केली, तेव्हा चालकांच्या मृत्यूचं प्रमाण कन्व्हर्टिबलमध्ये जास्त आढळलं नाही. मात्र प्राणघातक अपघातात चालक बाहेर फेकला जाण्याचं प्रमाण काहीसं अधिक होतं. त्याचा अर्थ सरळ आहे: सीटबेल्ट, मागच्यांनीही, आणि मागच्या सीटच्या पाठीवर चढून बसणं पूर्ण बंद. वरातीत दिसतं ते दृश्य याच्या नेमकं उलट असतं.

घ्यायची कोणती, हा प्रश्न आपल्याकडे झटकन संपतो. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी कापडी टपासह मिळायची, ती आता जुन्या बाजारातच. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रा थारला २०२० च्या पिढीत कापडी टपाचा पर्याय होता, आणि गोव्यात भाड्याने फिरणाऱ्या बऱ्याच थार त्याच. तिची चासी शिडीसारखी आणि वेगळी असल्याने छत नसल्याचा तिला फारसा फरक पडत नाही. सॅन स्टॉर्म नावाची रेनॉच्या इंजिनाची, फायबरच्या अंगाची दोन सीटांची देशी गाडी नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघाली होती. ती चालली असती तर आजचं चित्र वेगळं असतं. त्यापुढे मिनी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, पोर्शे, आणि किमतीचे आकडे एकदम वर. शिंद्यांच्या घरातली एक गाडी इथे आठवते: ज्योतिरादित्य शिंदे यांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात १९६० सालची बीएमडब्ल्यू इसेटा नोंदलेली आहे. अंड्याएवढ्या त्या गाडीला एकच दार, तेही समोर. अपघातात ते अडकलं तर बाहेर पडता यावं म्हणून तिच्या छतात कापडी झडप असते. कापडी छत सुरक्षिततेसाठी ठेवलेलं हे उदाहरण सनरूफवाल्यांना अवश्य सांगावं.

खरेदीची वेळ ग्वाल्हेरकरांना आयतीच मिळते. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला, मूळचा गुराढोरांचा मेळा आता ग्वाल्हेर व्यापार मेळा म्हणून ओळखला जातो आणि ज्या वर्षी राज्य सरकार सवलत जाहीर करतं त्या वर्षी तिथे घेतलेल्या गाडीवर आजीवन रस्ता-कर निम्मा लागतो. गाडी जितकी महाग तितकी बचत मोठी, म्हणून मोठ्या किमतीच्या गाड्यांची गर्दी तिथे हमखास. जुनी गाडी घेणाऱ्याला ही सवलत उपयोगाची नाही. त्याने डोळे उघडे ठेवावेत. टप स्वतः दोनदा उघडून लावून पाहावं, कडांचं रबर बोटाने दाबून कडक झालंय का बघावं, घडीच्या जागी कापड उजेडाविरुद्ध धरून छिद्रं शोधावीत. मग सीटमागचा गालिचा उचलून खाली हात घालावा. तिथे ओल किंवा गंजाचा खरखरीतपणा लागला तर टपाचीच नव्हे, तळाच्या पत्र्याचीही किंमत वजा करून बोलणी सुरू करावीत.